सात दगड

देवगडच्या खाडीत ओहोटीला
सासूबाईंनी मला कांदळं दाखवली.
एकेका झाडाला वीस-वीस पाय,
आणि त्या पायांच्या गर्दीत, नखाएवढी,
तांबोशीची, गोबऱ्याची पिल्लं.
पुढे ती दूर पोवळ्यांच्या खडकांवर राहायला जातात.
"तवसर हयच," सासूबाई म्हणाल्या,
"मोठ्या तोंडाच्या माशाक हय वळाक गावना नाय."

हे मी हरिपूरला येऊन आप्पांना सांगितलं.
आप्पा जाळ्याला गाठी मारत होते. समुद्र
त्यांनी एकदाच पाहिला, माझ्या लग्नात.
चूळ भरून थुंकले होते.
"मग आपली वाळुंजं काय येगळी?" म्हणाले.

संगमाच्या अलीकडे
काठाला चार वाळुंजं.
तांबूस मुळ्यांच्या जटा पाण्यात सुटलेल्या.
लहानपणी मी तिथं हात घालायचे
आणि बोटांना बारीक बारीक तोंडं लुचायची.
तिथं आप्पांनी कधी जाळं टाकलं नाही.
चूल दोन दिवस थंड होती, तेव्हाही नाही.

यंदा काठ सुशोभित होणार होता.
फरशी, बाकं, दिवे. वाळुंजांवर
चुन्याने आकडे पडले.
आप्पा ग्रामपंचायतीत जाऊन आले.
माशांची पिल्लं म्हटल्यावर लोक हसले:
"चिलापी काय, कुठंबी वाढतीय, ज्ञानूतात्या."

मग एका पहाटे
जन्मात नवस न बोललेला हा माणूस
पात्रातून सात गोटे घेऊन आला.
शेंदूर, तेल (पैसे माझ्याच पिशवीतले)
आणि वाळुंजाच्या बुडाशी मांडून बसला.

नऊ वाजता पोकलेन आलं.
चालवणारा सोमलिंग, जतकडचा पोरगा,
खाली उतरला. चप्पल काढली.
"कुठला देव, काका?"
"साती आसरा."
त्याने कानाची पाळी धरली,
यंत्र मागे घेतलं.
फरशी आता तिथं वळसा घालून जाते.

बायका नारळ आणू लागल्यात. खण. हिरव्या बांगड्या.
आप्पा ओशाळून दुसऱ्या वाटेनं जातात.
"खोटं बोललात ना?" मी विचारलं.
त्यांनी बाही वर केली,
हात कोपरापर्यंत मुळ्यांत घातला.
बराच वेळ काढलाच नाही.

"खोटं कसं? आसराच की."
आणि मग, जरा रागानंच,
"बायकांना सांग, पिशव्या पाण्यात सोडू नका म्हणावं.
बारकी अडकत्यात."