वाफेचं पाणी

एबुरूच्या उतारावर नदी नाही, विहीर नाही.
खणलं तर हाती लागतो प्युमिस,
पाण्यावर तरंगणारा दगड.
पण तरंगायला पाणी कुठलं?

म्हणून नाम्पासो
जमिनीच्या तोंडाशी तिरका पत्रा लावते.
वाफ येते, पन्हळीत शिरते,
पहाटेच्या गारठ्यात थबकते,
मग टप्.
बऱ्याच वेळाने, टप्.
पिंप भरायला एक रात्र आणि अर्धा दिवस.
उजाडायच्या आत उठलं नाही
तर शेजारणीची गाढवं आधी पिऊन जातात.

सर्वेक्षणाचा किबिवोट सांगत होता,
हा माऊच्या कड्यावर पडलेला पाऊस,
भेगांतून खाली गेला,
तापल्या खडकाला पाठ शेकून परत आला.
कधी पडलेला?
त्याने वहीत पाहिलं, मग कड्याकडे,
म्हणाला, तुझ्या आजीच्या आजीला विचार.
नाम्पासो हसली नाही.
तिने त्याला पेलाभर दिलं,
किंचित गंधकाच्या वासाचं.

या दरीला दोन काठ आहेत,
मध्ये फक्त खचलेली जमीन.
पायरी पायरीने उतरत गेलेले कडे,
कुणाच्याच पावलांसाठी न घडवलेले.
राख, लाव्हा, परत राख,
आणि मग काच, काळी, हिरवट झाकेची,
इतकी धारदार
की तिच्या नवऱ्याने पैजेवर बकरी सोलली होती तिने
आणि स्वतःचा अंगठाही.
तो आता नैवाशाला गुलाब कापतो. कात्रीने.

शेतामधून भेग जाते.
पलीकडे दीर, सेंतेरो,
वाटणी झाल्यापासून या घराशी न बोलणारा.
किबिवोटने दोन्हीकडे एकेक पोलादी खिळा ठोकलाय.
वर्षातून एकदा येतो, अंतर मोजतो.
यंदा दोन मिलिमीटर.
मिलिमीटर म्हणजे किती, ते सेंतेरोने
त्याच्या नखावर पाहून घेतलं.
कुणाची गेली जमीन?
कुणाचीच नाही. मधे नवी जागा झाली.
मग ती कुणाची?
किबिवोटच्या तक्त्यात तसा रकाना नव्हता.

नंतर एका रात्री भांडी किणकिणली,
कुत्री भुंकली, गप्प झाली.
सकाळी नाम्पासोचा पत्रा कोरडा.
दुसऱ्या दिवशी कोरडा.
तिसऱ्या दिवशी तोंडाशी हात धरला
तर दगड नुसता दगडासारखा गार.

चौथ्या दिवशी वाफ दिसली
सेंतेरोच्या मक्यात.
दोन ओळी उकडून पिवळ्या पडलेल्या,
आणि तो शिव्या देत मातीने भोक बुजवत होता.
बुजत नव्हतं.

नाम्पासोने पत्रा उचलून डोक्यावर घेतला.
भेग ओलांडायला एक पाऊल लागतं,
अजून तरी एकच.
तिने पत्रा टेकवला, दगड लावला,
तो घसरला. पुन्हा लावला.
सेंतेरो बघत राहिला, मग फावडं टाकून
दुसरं टोक धरलं.

"थोडं खाली," तो म्हणाला.