अंगण खरंच वाकडं

"गॅरेज केवढं आहे, सिन्योरा?" दुकानातला पोरगा विचारतो.
मी दोन्ही हात पसरते.
तो हसतो. मी हसत नाही.
दोन मीटर चाळीस रुंद, चार सत्तर लांब,
वर विटांची कमान,
मधोमध ठीक, कडेला माझ्या खांद्याशी आलेली.
जेनोवात डोंगर पोखरून, एखादी शेळी बांधावी
एवढ्या जागेत आम्ही गाड्या ठेवतो.

नाचता येईना अंगण वाकडं, म्हणायची लोकांना सोय असते.
माझं अंगण खरंच वाकडं आहे.
बेअरिंगमधली गोळी दारापाशी ठेवली
तर ती थोडा विचार करते,
मग मोरीच्या जाळीकडे निघते,
वाटेत एकदा डावीकडे वळून.
डावीकडे का, ते तिलाच ठाऊक.
चार सेंटिमीटर उतार,
शिवाय एक खळगा, जिथे माझ्या आधीच्या भाडेकरूचं
वाईनचं पिंप असायचं.

एकतीस वर्षं मी बंदरात क्रेन चालवली.
पायांखाली काच, काचेखाली चाळीस मीटर हवा,
आणि कंटेनर असा टेकवायची
की खालच्या ट्रकवाल्याची कॉफी हिंदकळू नये.
आता दोनशे दहा किलोची एक जुनी गुत्सी,
आणि हे गुडघे.
खाली बसता येतं अजून.
उठताना भिंतीच्या विनवण्या कराव्या लागतात.

पोरगा टेबल-लिफ्ट दाखवतो. लाल, लांबलचक, देखणी.
वर घेतली की हँडल कमानीला घासणार,
खाली ठेवली की मी गॅरेजबाहेर.
नाकापेक्षा मोती जड.

मग चाकांवरची.
"गाडी उचला आणि कुठेही ढकला," तो म्हणतो.
'कुठेही' हीच तर पंचाईत आहे, बाळा.
माझ्या फरशीवर कुठे जायचं ते तीच ठरवेल,
गोळीच्या मागोमाग.

छताला साखळी?
सुचलं होतं. हात शिवशिवले, खोटं कशाला बोलू.
पण वर देल्फीना राहते,
तिचा पियानो त्याच कमानीवर उभा आहे.
काय टांगायचं याच्या आधी
ते कोण पेलणार, हे बघायचं असतं.

उरली कात्रीची लिफ्ट.
कोपऱ्यात, बुटकी, कुरूप, रंग कुणी धड दिलेला नाही.
मी दुकानातच गुडघा टेकते, बोटांनी चाचपते:
बूड किती रुंद,
चारही पायांना पेच आहेत का,
इंजिनाखालच्या तेलाच्या डब्याला न दुखवता
दोन लाकडी ठोकळे बसतील का,
आणि ती खाच, जिच्यात लोखंडी खीळ अडकते.
"हायड्रॉलिक आहे, खीळ लागत नाही," पोरगा म्हणतो.
लागते.
तेल दमतं, रात्री हळूच खाली येतं.
खिळीला झोप लागत नाही.
हे मला कुठे कळलं, ते त्याला सांगत नाही.
त्या पहाटेपासून ऑत्ताव्यो डाव्या हाताने सही करतो.

भाचा तिझ्यानो ती उताराच्या पायऱ्यांवरून आणतो,
एकशे बारा पायऱ्या, प्रत्येक पायरीला एक शिवी.
मोरीकडच्या दोन पायांचे पेच शेवटपर्यंत सोडले
तरी पुरत नाहीत.
मग शाळेच्या फुटक्या फळ्याचे पाटीचे तुकडे आणले,
एकावर एक तीन, एकीवर अजून खडूत अर्धवट भागाकार.
खळग्यापासून वीतभर लांब.
गाडी चढली. खीळ घातली.
लेव्हल ठेवली सीटवर,
बुडबुडा रेघेच्या किंचित डावीकडे.
अजून एक पातळ कपची हवी होती.
नको. एवढं डावीकडे मीही झुकलेय आता.

मी स्टुलावर बसते, पाना हातात,
गाडी डोळ्यांसमोर, भिंतीला काही न मागता.
वर देल्फीना वाजवायला बसते.
बुडबुडा हलतो.