क्लोरेट

मार्सेयमध्ये मिस्त्राल वारा तिसऱ्या दिवशीही खिडक्या हलवत होता
आणि आर्पिनेच्या बरणीत प्राणवायूचा टिपूस नव्हता.
झाकणाची रबरी कड तिनं व्हॅसलीन लावून बसवली होती,
आत एकावर एक चोवीस काचेच्या ताटल्या.

हवा संपली म्हणून हे जंतू मरत नाहीत.
त्यांच्यात एक प्रथिन असतं,
मुठीत लोखंड-गंधकाचा खडा धरून बसलेलं.
हवा लागली की खडा विरतो, मूठ सुटते.
हवा सरली की खडा पुन्हा घट्ट,
आणि अशा दोन मुठी जोडीनं
डीएनएच्या ठरलेल्या ओळीवर जाऊन बसतात.
मिटलेलं पान उघडतं:
नायट्रेट आहे ना? त्यावर श्वास घे.

हे आज आम्हाला ठाऊक आहे.
तिला तेव्हा एवढंच ठाऊक होतं, की फसवायचं कसं.
नायट्रेटच्या जागी क्लोरेट ठेवायचं.
चेहरेपट्टी जवळजवळ तीच.
जंतू त्याचाही श्वास घेतो
आणि श्वास आतल्या आत विष होतो.
कोट्यवधी गेले.
सकाळी ताटल्या कोऱ्या.

अगदीच कोऱ्या नव्हेत.
सातवीत, कडेला, तीन ठिपके,
मोहरीहून लहान.
ज्यांचं एखादं अक्षर कधीतरी गळलं होतं,
ज्यांना तो श्वास घेताच येत नव्हता,
तेवढे राहिले. साखर आंबवत, कसेबसे.

ते तिघे अजून आमच्या शीतकपाटात आहेत, उणे ऐंशीला.
श्वास कुठे लिहिलेला असतो
ते आम्हाला त्यांच्यावरून कळलं:
जिथे तो खोडला गेला होता, तिथे.

वहीत तिनं तारीख घातली, ‘जिवंत: ३’ लिहिलं,
आणि खाली, फ्रेंच सोडून, आर्मेनियन लिपीत दोन-चार ओळी.
त्या मला चाळीस वर्षांनी
बोमाँच्या बेकरीतल्या म्हाताऱ्या हाम्पारनं वाचून दाखवल्या,
चष्मा कपाळावर ढकलून, वही नाकाशी धरून:

‘बाबांना डाव्या कानानं ऐकू येत नसे.
अंगणात नावं पुकारली
तेव्हा ते उजव्या कुशीवर झोपले होते.’

हाम्पारनं पानावर सांडलेलं पीठ फुंकरीनं उडवलं.
पुढे काही आहे का, मी विचारलं.

आहे, तो म्हणाला.
‘बरणी धुवायची राहिली.’