सतरा रुपये सत्तर पैसे

दोंडाईच्यात, स्टेशन रोडला,
मिरचीच्या गोदामाला पाठ टेकून माझं दुकान.
एक टेबल, एक भिंग,
भिंतीवर एकवीस घड्याळं
आणि एकवीस वेगवेगळ्या वेळा.
त्यातली खरी कुठली, ते गिऱ्हाईक मला विचारतं.

पासबुक कुणाला विचारायचं?
सतरा रुपये सत्तर पैसे, संदेशाचे.
कसला संदेश, तर पैसे कापल्याचा.
मग शिल्लक कमी पडली म्हणून दंड,
दंडामुळे शिल्लक आणखी कमी,
म्हणून पुढच्या महिन्यात परत दंड.
चाळीस वर्षं दातेरी चाकं बघतोय,
एकाचा दात दुसऱ्यात रुतून फिरणारी;
इतकं बिनचूक यंत्र
एकाही कारखान्याचं माझ्या टेबलावर आलं नाही.

कोकिळा म्हणाली,
"आपलाच पैसा, नि आपलेच दंड?
हाई कसं व्हयनं?"
पत्र्याच्या पेटीत ठेवले असते
तर उंदरानं कोपरा खाल्ला असता,
नोट तरी उरली असती.

म्हणून गेलो.
दारातला बंदूकवाला मिरचीच्या खाटानं शिंकत होता,
त्याच्याबरोबर बंदूकही हलत होती.
एक नंबरनं तीनवर धाडलं.
तीन नंबर जेवायला.
पाच नंबरला नवी मुलगी, मान वर न करता:
"नाव?"
"आधार."
"कार्ड नंतर बघते काका, आधी नाव सांगा."
"आधार सुकलाल ईशी."
"अहो, आधार लिंक नसेल तर करून देऊ, पण नाव..."
मागची रांग हसली. मीही हसलो थोडा.
माझ्या आधीची दोन पोरं गेली,
तेव्हा आईनं ठेवलेलं हे नाव.
तिच्या म्हातारपणाला पुरलं होतं ते.

नाव पटल्यावर ती म्हणाली,
"आम्ही नाही कापत काका, सिस्टीम कापते."
"सिस्टीम बसते कुठे?"
तिनं वर बघितलं.
मीही बघितलं.
वर घड्याळ होतं,
चार वाजून दहा मिनिटांवर मरून पडलेलं.
तेव्हा वाजले होते पावणेदोन.

काचेच्या खोलीतून साहेब बाहेर आले.
एका अर्जासाठी तीन महिने न दिसलेले साहेब.
"तुम्ही घड्याळवाले ना? बघता का जरा?"

स्टुलावर चढलो.
सेल गळलेला, पितळी पट्टीवर हिरवा थर,
काट्यांमागे लाल भुकटी; मिरची इथेही पोचलेली.
धोतराच्या चिंधीनं पुसलं, ब्लेडनं खरवडलं,
खिशातला नवा सेल घातला.
टिक, म्हणालं.
तीन नंबर तेव्हाच दात कोरत परतत होता,
त्यानं वर बघितलं
आणि पावलं उचलली जरा.

"किती झाले?"
"साठ."
"रोख नाही देता येत. खात्यात टाकतो."
म्हटलं, साहेब, हातात द्या, चहाला होतील.
म्हणाले, नियम आहे.

पाचव्या दिवशी फोन दोनदा वाजला.
साठ जमा.
साठ वजा, मागील दंडापोटी.
या दोन संदेशांचे पैसे
पुढच्या वेळी लागतीलच.

"काय लिखेल शे?" कोकिळेनं विचारलं.
म्हटलं, काही नाही, बँकेला पोच मिळाली.
ती भाकरी थापत राहिली,
थाप जरा जोरात पडत होती.

येता-जाता अजून आत डोकावतो.
रांग तशीच, खुर्ची तीन रिकामी,
आणि वर घड्याळ,
सेकंदानंही मागे नाही, पुढे नाही.
माझ्या हातचं काम.
त्याचाच जास्त राग येतो.