कोठून, कोठे

पलूसच्या स्टँडवर, चहावाल्याच्या फळीवर
परत आलेला फॉर्म तिसऱ्यांदा भरतोय.
एक कोपरा बशीखाली दाबलाय.
तारीख, कोठून, कोठे, कारण, रुपये.
कारण पाठ आहे. कोठे, तेही.
कोठून कोराच.

पहिल्या खेपेला पुण्याहून हर्डीकर मॅडमचा फोन :
“अहो ऐवळे, मुक्कामाचा खर्च घराबाहेर राहिलं तरच बसतो.
घर कुठाय तेवढं लिहा,
मग किती बाहेर आहात ते काढू.”

मी काटे तपासतो, साखर कारखान्यांचे,
गळीत सुरू व्हायच्या आधी.
उसाची ट्रॉली चढते ना, तो लोखंडी ओटा.
कुंडल, वाळवा, विटा, परत पलूस.
वीस-वीस किलोची वजनं टेम्पोनं पुढं जातात
(टेम्पो मंजूर आहे),
मी मागनं लाल गाडीनं.
तिकिटं जपायची. पण खिशात घाम लागला
की आधी भाडं पुसतं, मग गाव.

आधारकार्डावर इचलकरंजीची खोली आहे.
तिथं आता मोबाईलचं दुकान झालंय.
हा चार्जर तिथनंच घेतला.

मिरजेला स्टेशनसमोर मुजावरांचा लॉज.
माझा कुकर आणि एक उशी जिन्याखाली ठेवून घेतात,
त्याचं भाडं लावत नाहीत.
त्यांच्या रजिस्टरातही तेच, कोठून आला, कोठे जाणार.
पहिल्या वर्षी विचारायचे.
आता स्वतःच लिहितात :
काट्यावरनं. काट्यावर.

दुसऱ्या खेपेला मी वजनांचा पत्ता टाकला.
कुपवाड एमआयडीसी, गोडाऊन, दुसरं शटर.
तिथं त्यांना रॅक आहे, नंबर आहेत,
ठरल्या मुदतीनं सरकारी शिक्का बसतो
की बाबा, अजून तेवढीच भरतात.

तासाभरात फोन.
“छान झालं. म्हणजे कुपवाड तुमचं घर.
पण मग मिरज आठ किलोमीटरच्या आत येते, ऐवळे.
लॉजची एकोणीस बिलं बाद.”

घर मिळालं आणि सात हजार सहाशे गेले.
चहावाल्याला सांगितलं तर म्हणतो,
एवढ्या स्वस्तात कुणाला मिळतंय वो आजकाल?

काल रात्री काम उरकलं, टेम्पो निघून गेला,
तेव्हा रिकाम्या काट्यावर मी जाऊन उभा राहिलो.
केबिनच्या खिडकीतनं वॉचमन ओरडला, साठ!
मी चौसष्ट भरतो.
पण हा काटा दहा-दहानंच मोजतो,
मधलं त्याला दिसत नाही.
चूक नाही ती. नियमात बसतं.
तसं सर्टिफिकेट मीच सही करून दिलंय.

विट्याची गाडी लागली.
बशी उचलली तसा कागद फडफडला,
गुडघ्यावर धरून घाईनं लिहिलं,
कोठून : पलूस.
गाडी हलेपर्यंत तरी खरं आहे.