चढ नसलेली वाट

नान्नजच्या अलीकडेच एसटीतून उतरलो.
डॉक्टर म्हणाले होते, चढ नको.
इथं चढ नाहीच.
मुरूम, कुसळं, आणि गुडघ्यापासून
सुरू होणारं आभाळ.

नरसय्या पुढं. चाळीस वर्षं मागाच्या खडखडाटाला
कान देऊन बसलेला माणूस.
चंडोल, मी म्हणालो.
त्यानं आधी माझ्या ओठांकडं पाहिलं,
मग माझ्या बोटावरून वर गेला
त्या ठिपक्यापर्यंत.

"थरथरतंय. धोट्यासारखं."
जरा थांबून,
"गातंय का?"

हो म्हटलं.

माळढोक दिसला नाही, कुणाला विचारलंही नाही.
काळविटाच्या लेंड्या होत्या, ताज्या.

रात्री किल्ल्यामागच्या खोलीत
पायमोज्यातली कुसळं काढत बसला
एकेक, ताण्यातला दोरा सोडवावा तशी,
आणि टाकेना.