दहावी पाळी

पहाटे पाचला दिवा लागतो, झेब्रामाशाची मादी
अंडी सोडते, मी स्टॉपवॉच दाबते.
बार्शी रोडवरच्या कॉलेजचं तळघर, अठ्ठावीस अंश.
वर लातूर अजून कोरडं झोपलेलं.

एकाचे दोन. पंधरा मिनिटांनी चार.
आठ, सोळा, बत्तीस.
कवायतीच्या मैदानावरच्या पोरांसारख्या
सगळ्या पेशी एकाच टाळीवर दुभंगतात,
आणि एकीलाही अजून स्वतःचं म्हणणं नाही.
जनुकं मिटलेली. सगळा कारभार
आईनं अंड्यात भरून दिलेल्या चिठ्ठ्यांवर.

अण्णा पालिकेत व्हॉल्वमन होते.
खांद्यावर पाच फुटी लोखंडी चावी,
खिशात घामानं मऊ झालेलं वेळापत्रक.
खोरी गल्लीला दहाव्या दिवशी, चाळीस मिनिटं.
पाणी त्यांचं नव्हतं, धरण तर दूरच,
चावी कुठे बसते तेवढं ठाऊक:
डांबरात एक झाकण, खाली चौकोनी डोकं.

जनुकाच्या आधीचा तुकडा
मी त्यांना तसाच समजावला.
"म्हंजे पाणी न्हाई, नळ बी न्हाई. खड्डा."
खड्डाच, अण्णा. कधी सोडायचं ते तिथं लिहिलेलं असतं.
"लिव्हलं आसंल. पर फिरवतंय कोण, मुक्ते?"

(उपमा कच्ची आहे. खड्ड्याला काही वाचता येत नाही.
पण आमच्या विभागात हा प्रश्न
इतक्या लवकर कुणी विचारला नव्हता.)

त्या दाराला उंबरे दोन.
एक आईचा, अंडं तिच्या पोटात असताना ओलांडलेला,
त्याच्या तीस अक्षरं आधी तिची खूण.
दुसरा तिथंच, चार बोटांवर, पिल्लाचा.
पुढे मी जेलीफिशचा हिरवा उजेड जोडला
आणि आईची खूण खोडली.
अंडी काळीच निघाली.
पिल्लाचा उजेड मात्र
आपल्या वेळेला लागला, तासाभराचाही फरक नाही.

दहाव्या विभाजनानंतर, हजारेक पेशी झाल्यावर,
टाळी चुकते. कुणी पुढे, कुणी मागे.
जनुकं उघडू लागतात,
आणि नव्यानं उघडलेल्यांचं एक पहिलं काम असतं
आईच्या चिठ्ठ्या फाडणं.
हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून
कॅन्टीनला जाऊन बसले होते.

आई गेली तेव्हा मी सहावीत.
तिनं उन्हाळ्यात दळून ठेवलेलं येसर
आम्ही संक्रांतीपर्यंत पुरवलं.
अण्णा आधी चमचा, मग अर्धा, मग बोटाची चिमूट
आमटीत टाकायचे, आणि गप्प जेवायचे.
डबा संपला त्या दिवशी
मी तो राखेनं घासला, वास जाईपर्यंत घासला,
मग तव्यावर धने टाकले. करपले.
शेजारच्या रुक्साना चाचीनं खिडकीतून सांगितलं,
आच कमी कर.

आता कळतं, अण्णा.
त्या खड्ड्यापाशी तीन माणसं
आधीपासून बसून असतात, तीही आईनंच ठेवलेली.
तीच झाकण सरकवतात.
कशाची वाट बघतात, ते मात्र
मला अजून सांगता येणार नाही.

साडेआठ. काचेखाली एका कडेला
एक ठिपका हिरवा. मग शेजारी दुसरा.
फोन वाजतो. आज खोरी गल्लीचा दहावा दिवस,
अण्णा रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी
हंडे मांडून बसलेत, आणि सवयीनं
आख्खी गल्ली एकमेकांना विचारते तेच विचारतात:
"आलं का?"

आलं, मी म्हणते.